आपलं माणूस



लग्नघरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'काय रे, तुझा बार कधी उडवायचा?' आत्या भाच्याला मायेनंच विचारते. तो कसनुसा हसतो. पानातली जिलबी उगाच मोडत राहतो. आपलं माणूस पंगतीत शेजारी बसलेलं असतं आणि आपल्याला ते ठाऊकच नसतं. त्याचं मन एका मुलावर जडलेलं आहे. हे सांगितलं तर घर आपलं राहील का, ही धास्ती त्याला बोलू देत नाही.

समलिंगी प्रेमाला गुन्हा ठरवणारं कलम इंग्रजांनी आणलं. ते गेले, कलम राहिलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सज्ञान माणसांचं संमतीचं प्रेम हा गुन्हा नाही. इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं. कुटुंबीयांचीही! या लढ्यात आईवडीलही उतरले होते. मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर त्यांतल्या एक. आपलं माणूस गुन्हेगार नाही, हे सांगायला आई न्यायालयात गेली. केवढं धैर्य हे!

लग्नाचा हक्क अजून मिळालेला नाही. तो लढा चालू आहे. पण घराचं दार उघडायला कुठल्या निकालाची वाट पाहायची?

म्हणून, मित्रहो, घरात कुणी टिंगल केली तर हसू नका. तिथंच थांबवा. आपलं माणूस ते ऐकत असतं. आणि त्यानं विश्वासानं सांगितलंच, तर डॉक्टर शोधू नका, स्थळं बघू नका. पूर्ण ऐकून घ्या. मग म्हणा, 'रविवारी त्याला जेवायला घेऊन ये.'