परतलेल्या फौजीची गझल

१९६२ मध्ये चीनशी आणि १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराज सीमेवर गेले. जवानांसमोर बसून त्यांनी खंजिरीवर भजने म्हटली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसलेल्या पोरांना त्या भजनांनी बळ दिले असेल. पण लढून घरी आलेल्या माणसासाठी आपल्याकडे कोणती कविता आहे? निघताना वीररस, तिरंग्यात परतला तर श्रद्धांजली. जिवंत परतला तर शाल, श्रीफळ आणि ‘मेजरसाहेब, एखादा किस्सा सांगा ना!’

त्याला सांगता येत नाही. वरातीत सुतळी बॉम्ब फुटला की त्याचे अंग आक्रसते. रात्री तो घामाघूम होऊन उठतो, लेकरांवर उगाच खेकसतो, मग बाटली जवळ करतो. गाव म्हणते, डोक्यावर परिणाम झाला. कोणी ‘बाहेरचे’ पाहायला सांगतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी या आघातोत्तर तणावाला आपल्या निदानपुस्तिकेत जागा दिली ती १९८० मध्ये. दुखणे मात्र लढाईइतकेच जुने आहे.

पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९१७ मध्ये विल्फ्रेड ओवेन हा तरुण अधिकारी एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टर आर्थर ब्रॉक यांनी त्याला नुसते पडू दिले नाही. रुग्णालयाच्या नियतकालिकाचे संपादन करायला लावले. तिथेच त्याला सीगफ्रीड ससून हा सैनिक-कवी भेटला आणि खंदकातली स्वप्ने कवितेत उतरू लागली. ओवेन सावरला, पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला आठवडा असताना, मारला गेला. कवितेने त्याचा जीव वाचवला नाही. भित्रा न ठरता भीती बोलून दाखवण्याची वाट मात्र तिने त्याला दिली. कवितेकडून मी एवढेच मागतो, आणि हे थोडे नाही.

वऱ्हाडाकडे त्यासाठी कवितेचा एक खास घाट आहे: गझल. मराठी गझल घराघरांत नेणारे सुरेश भट १९३२ मध्ये अमरावतीत जन्मले. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. अकोल्यात श्रीकृष्ण राऊतांसारखे गझलकार आहेत. युद्धाची आठवण सलग गोष्टीसारखी येत नाही. एक वास, एक किंकाळी, मित्राचा एक बूट, असे तुकडे येतात. गझलेतही प्रत्येक शेर आपल्यापुरता पुरा असतो. मागचे-पुढचे सांगायची सक्ती नाही. आणि रदीफ? तेच शब्द प्रत्येक शेराच्या शेवटी परत येतात, दुःस्वप्नासारखे. पण इथे ते कवीने नेमलेल्या जागी येतात. ज्याच्या मनात तीच रात्र वाटेल तेव्हा शिरते, त्याला तिच्या येण्याची जागा स्वतः ठरवता यावी, यात मला मोठा दिलासा दिसतो.

कविता औषधाच्या किंवा समुपदेशनाच्या जागी मात्र नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. सैनिकांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी तिचा वेगळा कक्षही सुरू झाला. दबलेले वर आले की माणूस आणखी ढासळू शकतो, म्हणून लिहिणाऱ्याजवळ जाणकार हवाच.

अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी गझलेचा एक वर्ग सुरू करावा. शिकवायला गझलकार, सोबत जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. या शेरांचा मुशायरा नको, पुस्तकाची घाई नको. लिहिलेले वाचायचे की फाडायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. फौजींच्या बायकांनाही त्यात जागा हवी. नवरा सीमेवर असताना फोनची वाट त्यांनी पाहिली, आता त्याचा संतापही त्याच झेलतात, आणि सत्काराच्या दिवशी माईक त्यांच्यापर्यंत कधी पोचत नाही.