मेंढी गोष्टीतली, कळवळा खरा

वाचन : २ शमुवेल १२:१–७, याकोब २:१४–१७



एका रविवारी आमच्या शब्बाथशाळेत सात वर्षांची एक मुलगी रडत आली. मोबाइलवरच्या खेळात तिने कुत्र्याचे पिल्लू पाळले होते. दोन दिवस त्याला खाऊ घालायचे राहिले आणि ते आजारी पडले. मी हसून म्हणालो, "अगं, ते काही खरे नाही. रडतेस कशाला?" ती गप्प झाली. तिची समजूत घातली असे मला वाटले. पण त्याच आठवड्यात वरील अध्याय वाचताना देवाने माझीच समजूत घातली.

दावीद राजाने उरीयाची बायको घेतली व उरीयाला लढाईत मारविले, तरी त्याचे मन स्वस्थ होते. मग नाथान संदेष्टा आला आणि त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ती धन्याच्या घासातले खाई, त्याच्या उराशी निजे. एका श्रीमंताने आपली मेंढरे राखून हीच पाहुण्यासाठी कापली. ऐकून राजा संतापला. जो खऱ्या उरीयासाठी कळवळला नाही, तो गोष्टीतल्या मेंढीसाठी कळवळला! नाथानाने त्या कळवळ्याची थट्टा केली नाही. त्याच वाटेने तो राजाच्या अंतःकरणात शिरला, आणि तो अन्यायी माणूस म्हणजे राजा स्वतःच, हे त्याच्या तोंडावर सांगितले.

मुलांचा हा कळवळा आजचा नव्हे. १९९६ साली जपानात तामागोची नावाचे अंड्याएवढे खेळणे निघाले. त्यातल्या जिवाला वेळेवर भरवावे, स्वच्छ ठेवावे लागे; हेळसांड झाली की तो मरे. ठिकठिकाणची मुले त्याच्यासाठी रडली. पुढे ब्रिटन व जर्मनीत संशोधकांनी या कळवळ्याचा उपयोग करून पाहिला. संगणकाच्या पडद्यावर एका मुलाला शाळेतली दांडगी मुले छळतात. पाहणाऱ्या मुलाने त्याचा मित्र होऊन त्याला सल्ला द्यायचा. २७ प्राथमिक शाळांतील अकराशेहून अधिक मुलांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा खरोखरच छळ होत होता, अशा मुलांपैकी या कार्यक्रमात भाग घेतलेली मुले पहिल्या आठवड्यात त्यातून सुटण्याचा संभव अधिक दिसला. पण काही आठवड्यांत तो फरक ओसरला. पडद्याने दार उघडले; पुढे हात धरून नेणारे कोणीतरी हवे होते.

आता माझी गोष्ट सांगतो. त्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. तो बोलताना अडखळे. वचन पाठ म्हणायला उभा राहिला की मुले खुदखुदत. मी पुस्तकात पाहत असे. पिल्लासाठी रडणाऱ्या मुलीला मी खऱ्याखोट्याचा धडा दिला, आणि समोरच्या खऱ्या लेकराचे दुःख मला दिसले नाही. नाथानाचे बोट माझ्याकडे वळले.

पुढच्या रविवारी मी मुलीची क्षमा मागितली आणि विचारले, "बाळ, तुझ्या पिल्लासारखे आपल्या वर्गात कोणी एकटे आहे का?" तिने क्षणभर विचार केला, उठली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

शिक्षकहो, आईबापहो, गोष्टीतल्या, खेळातल्या पात्रासाठी मूल रडले तर त्याला हसू नका. आधी विचारा, "त्याला काय वाटले असेल?" मग विचारा, "असे आपल्या आळीत कोण आहे?" आणि त्या दारापर्यंत मुलाबरोबर स्वतः चालत जा. उघड्यानागड्याला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्या विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो. पडद्यापाशीच थांबलेल्या दयेचेही तसेच आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू लेकरांना जवळ घेतलेस. त्यांचे कोवळे मन आमच्या हसण्याने कठीण होऊ देऊ नकोस. आमच्या समोर बसलेले दुःख आम्हांला दाखव. आमेन.