‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे

घरात वाटणीचा विषय निघतो. लेक हिस्सा मागते, भाऊ गप्प होतो आणि कुणीतरी वडीलधारे म्हणतात, “दोघांचंही बरोबर आहे. आपण जैन, अनेकांत मानणारे.” वाद मिटतो, लेकीचा हिस्सा मात्र राहून जातो. बायांनो, याला अनेकांत म्हणायचं का?

मला याचं उत्तर ‘सुपरसॉलिड’ नावाच्या पदार्थात सापडलं. स्फटिकासारखी ठरावीक अंतरावरची मांडणी, आणि तरी घर्षणाशिवाय वाहणं, असे दोन्ही गुण त्यात एकाच वेळी असतात. 2004 मध्ये अमेरिकेत मोझेस चॅन आणि त्यांचे सहकारी किम यांनी गोठलेल्या हेलियममध्ये त्याची चिन्हं दिसल्याचं जाहीर केलं. मोठा गाजावाजा झाला. 2012 मध्ये खुद्द चॅन यांनी उपकरण सुधारून प्रयोग पुन्हा केला आणि स्पष्ट सांगितलं, तो गुण इथे नाही.

पुढे 2019 मध्ये पिसा, श्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथल्या शास्त्रज्ञांना तो चुंबकी अणूंच्या वायूत सापडला. डिस्प्रोसियमसारख्या धातूचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केले, की त्यांच्या थेंबांची रांग लागते. थेंब वेगळे दिसतात, पण अणू एकातून दुसऱ्यात अडथळ्याविना जातात. थेंबांची रांग दिसली म्हणून वाहणं गृहीत धरलं नाही, त्याचा पुरावा वेगळा शोधला. 2024 मध्ये फ्रान्चेस्का फेर्लाइनो यांच्या इन्सब्रुकच्या गटाने हा पदार्थ फिरवून त्यातले भोवरेही दाखवले.

आपल्या आचार्यांना हे आधीच ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पण ‘स्यात्’चा अर्थ इथे नीट कळतो. मांडणीच्या अपेक्षेने घन, वाहण्याच्या अपेक्षेने द्रव. प्रत्येक विधानाला स्वतःची अपेक्षा, स्वतःची परीक्षा. आणि परीक्षेत उतरलं नाही, तर हेलियमसारखं सरळ ‘नाही’.

भावाने आईवडिलांना सांभाळलं, हे सेवेच्या अपेक्षेने खरं. लेक त्याच आईवडिलांची, हे जन्माच्या अपेक्षेने खरं. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि हा कायदा जैनांनाही लागू आहे. सगळं मांडा, तपासा आणि मग हिश्श्याचा आकडा सांगा. आकडा न सांगताच बैठकीतून उठणं, याला अनेकांताचं नाव देऊ नये.