औषधविक्रेत्याचा आचार आणि रुग्णाचा अधिकार

उपदेशी वासनिकाने कोणता व्यवसाय करावा व कोणता करू नये, हा विचार परमार्गात नवा नाही. मद्यमांसाचा व्यापार त्याज्य आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. किराणा, कापड, मास्तरकी यांविषयीही शंका उपस्थित होत नाही. औषधविक्रीचा व्यवसाय मात्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याचे मूळ प्रयोजन दुःखनिवारण हे आहे, आणि तरीही त्याच्या फडताळात अशा काही वस्तू असतात की ज्यांच्या संबंधाने अहिंसेचे व्रत घेतलेल्याचे मन अडखळते.

समजा, वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार येथे असा एखादा वासनिक आहे. तो रीतसर शिकलेला, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. नित्य स्मरण करणारा, भिक्षुकांची सेवा करणारा आहे. रात्री आठाच्या सुमारास आसपासच्या खेड्यातील एक स्त्री डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्याच्या दुकानाशी येते. चिठ्ठीवर मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही नावे आहेत. गर्भात जीव आहे, आणि हे औषध देणे म्हणजे त्या जीवाच्या घातास हात लावणे, अशी त्याची श्रद्धा आहे. त्याने ते औषध नाकारावे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराच्या मताने, व काही विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची मुभा आहे. गोळ्यांचा उपाय नऊ आठवड्यांपर्यंतचा आहे. कायद्याने मुभा दिली म्हणून एखादी गोष्ट धर्म्य झाली, असे परमार्ग मानीत नाही. ते मानण्याचे कारणही नाही. परंतु त्या स्त्रीने काही चोरून मागितलेले नाही. अधिकारी डॉक्टराने तपासून, त्याच्या सहीने ते मागितलेले आहे, एवढे यावरून ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुकानदार चिठ्ठी पाहतो, रुग्ण पाहत नाही. केवळ मिसोप्रोस्टॉल लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हाती आली तर तो काय समजेल? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यास ही गोळी दिली जाते. आपोआप गर्भ पडून काही अंश आत राहिला असता तीच देतात. मुळात तर ती जठराच्या व्रणासाठी निघालेली गोळी आहे. ज्या हाताने ती हिंसा म्हणून मागे ठेवली, त्या हाताने एखादी ओली बाळंतीण मृत्यूच्या दारात लोटली, असेही घडू शकते. तीन दिवसांच्या आत घ्यावयाच्या संकटकालीन गर्भनिरोधक गोळीविषयी तर अज्ञान फारच आहे. ती मुख्यतः बीज सुटणे लांबविते; रुजलेला गर्भ ती पाडीत नाही. २००५ पासून ती आपल्या देशात चिठ्ठीवाचून मिळते. तरीही कित्येक दुकानदार तिला 'पाडायची गोळी' म्हणूनच ओळखतात व तोंड फिरवितात. विकार, विकल्प आणि हिंसा यांपासून साधकाने सारखेच दूर राहावयाचे आहे. हिंसा टाळावयाच्या नावाने परक्या स्त्रीविषयी विकल्प धरणे, हे एक टाळून दुसरे पदरी घेण्यासारखेच झाले.

येथे महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय घडले तेही ध्यानी घेतले पाहिजे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य; तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. असे असूनही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. पुढे २०१२ साली बीड जिल्ह्यातील प्रकरण उघडकीस आल्यावर शासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवली. नोंदी, तपासण्या, परवान्यावर गंडांतर, या भीतीने दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. पुढील पाहण्यांत महाराष्ट्रातील फारच थोड्या दुकानांत त्या आढळल्या. गंमत अशी की, नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळतच नाही. म्हणजे या गोळ्या अडविल्याने मुलगी वाचविल्याचे पुण्यही पदरी येत नाही. आज एखादा दुकानदार 'आमच्या मनाला पटत नाही' असे सांगतो तेव्हा ते मन श्रद्धेचे आहे की तपासनिसाच्या भयाचे, हे त्याने एकांतात स्वतःस विचारावे. भयाने केलेला त्याग हा त्याग नव्हे, हे भिक्षुकांस निराळे सांगावयास नको.

यावर कोणी अशी शंका घेईल की, मग औषधविक्रेता म्हणजे केवळ यंत्र झाले. त्याला स्वतःचा विवेक उरलाच नाही. या शंकेचे समाधान कायद्यातच अंशतः आहे. बनावट चिठ्ठी ओळखणे, मात्रा चुकली असेल तर डॉक्टरास विचारणे, दोन औषधांचा विरोध असेल तर थांबणे, हे त्याचे कर्तव्यच आहे. तेथे त्याचा नकार रुग्णाच्या हिताचा असतो. परंतु चिठ्ठीच्या गुणदोषांची चर्चा रुग्णासमोर करू नये, एवढेच नव्हे तर ती वाचताना चेहऱ्यावर आश्चर्याचे वा भयाचे चिन्हही दिसू देऊ नये, असे औषधनिर्मात्यांच्या आचारसंहितेत सांगितले आहे. हा नियम वाचून परमार्गातील मनुष्यास आनंद व्हावा. भर दुकानात, चार माणसे ऐकत असताना, 'हे कशाला हवे?' असा प्रश्न खेड्यातील स्त्रीस विचारला तर उत्तर सर्व गावास मिळते. ज्या सर्वज्ञांनी विटाळाची कल्पना मानली नाही, ज्यांच्या सन्निधानी महदाइसेसारख्या स्त्रिया निर्भयपणे प्रश्न विचारीत, त्यांच्या अनुयायाच्या दुकानी स्त्रीने मान खाली घालून उभे राहावे, हे शोभत नाही.

औषधकिंमत नियंत्रणाच्या २०१३ च्या आदेशात असे कलम आहे की, दुकानात असलेले औषध विकत घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकास विक्रेत्याने नाकारू नये. 'असलेले' हा शब्द नीट पाहावा. सद्सद्विवेकासाठी जी जागा राहिली आहे ती बहुतांशी या शब्दात आहे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले, परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्याचा उल्लेख तेथे नावानिशी आहे.

आता शास्त्राकडे वळू. सूत्राचा अर्थ प्रकरण सोडून करू नये, ही परमार्गाची जुनी शिस्त आहे. 'प्रकरणवश' हा ग्रंथ याच कारणासाठी झाला. सूत्र कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे पाहिल्याशिवाय त्याचा विनियोग करणे म्हणजे एकाचे पथ्य दुसऱ्याच्या मुखी घालणे होय. अहिंसेचा काटेकोर आचार ज्या अनुसरलेल्यांस सांगितला, त्यांनी घर, धन, अधिकार, सर्व सोडलेले असते. अटन करणाऱ्या भिक्षुकाने एखादी वस्तू नाकारली तर त्या नकाराचा भार त्याच्या एकट्याच्या देहावर पडतो. उपाशी राहिला तर तोच राहतो. परवानाधारक औषधविक्रेत्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाने डॉक्टराच्या चिठ्ठीवर औषध बनवून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टासच दिला आहे व इतरांस मनाई केली आहे. शासनाने इतरांचे हात बांधले ते याचा हात चालू राहील या भरवशावर. भिक्षुकाने कशाचा संग्रह केला नाही. याने दाराची किल्ली स्वतःपाशी घेतली आहे. किल्ली हाती असता 'दार उघडणे माझ्या व्रतात नाही' असे म्हणणाऱ्याचे व्रत दारापलीकडच्यांस पाळावे लागते.

सशाची लीळा या ठिकाणी पुष्कळांना आठवेल. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला. त्यांनी तो पारध्यांस दिला नाही, आणि पुढे त्यास सुखरूप जाऊ दिले. 'पाहा, येथे नकारानेच जीव वाचला,' असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. गर्भ हाही तसाच निराधार आहे, असे मानणाऱ्याची वेदना खोटी ठरविता येत नाही. पण आश्रयास कोण आले, हे पाहू गेल्यास दुकानाच्या फळीशी ती स्त्रीही उभी आहे. तिच्या पोटी आधीची किती मुले आहेत, तिचे रक्त किती उरले आहे, गर्भ कोणत्या बळजोरीचा आहे, यांतील काहीही दुकानदारास ठाऊक नाही. शिवाय सर्वज्ञांनी पारध्यांस केवळ नकार दिला नाही. त्यांच्याशी संवाद केला. दुकानदाराचा नकार संवादाशिवायचा असतो. शेलूबाजारात नकार मिळालेली स्त्री पुष्कळदा डॉक्टराकडे परत न जाता सुईणीकडे वा भोंदूकडे जाण्याचा संभव असतो, आणि मग दोन्ही जीव जातात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून वाहनवाल्यास येथून नागपूर जवळ आले आहे. वाहन नसलेल्या बाईस रात्री मंगरूळपीर पूर्वीइतकेच दूर आहे.

फ्रान्समध्ये याच प्रश्नाचा एक निकाल झाला आहे. एका लहान गावातील दोन औषधविक्रेत्यांनी १९९५ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गर्भनिरोधक गोळ्या धार्मिक कारणावरून नाकारल्या. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. त्या गोळ्या केवळ औषधदुकानांतच मिळतात, आणि श्रद्धा प्रकट करण्याचे इतर मार्ग दुकानाबाहेर मोकळे आहेत, या कारणाने न्यायालयाने २००१ साली त्यांचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. गर्भपाताच्या गोळीसही हेच सर्वस्वी लागू पडेल असे नाही. परंतु न्यायालयाने ज्यावर बोट ठेवले ते मक्तेदारीचे तत्त्व शेलूबाजारालाही लागू आहे.

तर मग वासनिकाने काय करावे? जेथे जवळच दुसरे दुकान आहे व तेथे औषध मिळते, तेथे ते आपल्या दुकानी न ठेवण्यास त्याला मोकळीक आहे. मात्र 'आम्ही हे ठेवीत नाही, अमुक ठिकाणी मिळेल' असे हलक्या आवाजात, एका वाक्यात सांगावे आणि चिठ्ठी परत द्यावी. 'माल संपला' असे म्हणू नये. हे असत्य दुकानांत इतके रुळले आहे की ते असत्य आहे हेच विसरले गेले आहे. अहिंसेच्या रक्षणासाठी खोटे बोललो, असे समाधान मानणाऱ्याने आपण स्त्रीला दिवसभर दारोदार हिंडविले, आणि आठवड्यांची मर्यादा असलेल्या उपायात तो दिवस मोलाचा होता, हेही पाहावे. दुसरा फार्मासिस्ट नेमता येत असेल तर तेवढे काम त्याच्याकडे सोपवावे. जेथे दुसरे दुकान नाही, रात्र आहे, रक्तस्राव सुरू आहे, तेथे मात्र देणे हाच आचार आहे. जो हे सर्वथा करू शकत नाही त्याने एकट्या दुकानाच्या गावी हा परवाना घेऊ नये. व्यवसाय पुष्कळ आहेत. हे बोलणे कठोर वाटेल. परंतु संन्यास घेणाऱ्याकडून परमार्ग याहून मोठे मोल घेतो.

श्रद्धेने नाकारणाऱ्यांस आणखी एक विचारावेसे वाटते. कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या हाडांच्या व कातड्याच्या जिलेटिनचे असते. रक्त गोठू न देणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. इन्सुलिनसुद्धा १९८२ पर्यंत गुरे व डुकरे यांच्या ग्रंथींतूनच येत होते. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून होते, आणि सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात तिच्यावाचून किती जीव जातील, हे सांगणे नको. या वस्तू विकताना हात थरथरत नाही, आणि स्त्रीच्या चिठ्ठीपाशीच तो थरथरतो, याचे कारण शोधले पाहिजे. शेजारच्या कृषिकेंद्रात तर कपाशीवरचे विष उघड विकले जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या केंद्रांच्या मालकांतही कोणी उपदेशी असतील. त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

राहिला भिक्षुकांचा प्रश्न. असे औषध देणाऱ्या वासनिकाच्या घरची भिक्षा घ्यावी काय, अशी विचारणा काही ठिकाणी होण्याचा संभव आहे. ज्या शेतकऱ्याने बोंडअळीवर फवारणी केली त्याच्या घरची भाकर भिक्षुक घेतो, आणि त्या फवारणीत किती जीव गेले याची गणती मागत नाही. औषधविक्रेत्याकडूनच ती मागावयाची असेल तर झोळी पसरण्यापूर्वी गावातील प्रत्येक घराची मागावी लागेल.