भिक्षूचं वाक्य कुणी बोलायचं?

चातुर्मासात एकनाथी भागवत वाचायची प्रथा आमच्या घरी आजोबांपासूनची. ते गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला लागले आणि आम्ही जबलपूरचे झालो. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि श्रावण लागला की नाथांचं भागवत. त्यातला तेविसावा अध्याय, भिक्षुगीताचा, माझ्यापुरता पोथीत राहत नाही. नर्स म्हणून माझी सगळी नोकरी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर हिवाळ्याच्या रात्री ग्वारीघाटावर आणि बेघरांच्या निवाऱ्यांवर जेवण, पांघरुणं, औषधं घेऊन जाणाऱ्या मंडळींबरोबर मी जाते. त्या अध्यायातला माणूस मला तिथे रोज भेटतो.

कथा थोडक्यात सांगते. अवंती नगरीत एक ब्राह्मण होता. शेती होती, व्यापार होता, पैसा रग्गड, पण माणूस कवडीचुंबक. बायकोमुलांना धड खाऊ घातलं नाही, दारी आलेल्याला पाणी विचारलं नाही. पुढे सगळं गेलं. काही नातलगांनी नेलं, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. मग त्याला पश्चात्ताप झाला आणि तो भिक्षू होऊन हिंडू लागला. लोकांनी त्याचं काय केलं हे भागवतकारांनी जराही हातचं न राखता सांगितलं आहे. कुणी त्याचा दंड ओढून घेतला, कुणी कमंडलू, कुणी अंगावरच्या चिंध्या. नदीकाठी भिक्षेचं अन्न खायला बसला की त्या अन्नावर लघवी करायचे, डोक्यावर थुंकायचे. गप्प बसला तर बोल म्हणून मारायचे. दोरीने बांधायचे. चोर म्हणायचे, ढोंगी म्हणायचे. एवढं सोसून तो म्हणतो की माझ्या दुःखाला हे लोक कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, कर्म नाही, काळही नाही. माझं मन कारण आहे. नाथांनी हा ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा केला. या अध्यायाशी आलं की आजोबांचा आवाज दाटून यायचा.

'मन कारण आहे' हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून फार ऐकलं आहे. रात्री नवाच्या सुमाराला, निवाऱ्याच्या दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला माणूस पिऊन आलेल्यांबद्दल म्हणतो, "इनका मन ही नहीं है, दीदी. मन होता तो कब की छोड़ देते." वॉर्डात राउंड घेणारे डॉक्टर म्हणायचे. भंडाऱ्याला वर्गणी देणारे म्हणतात. आमच्या वाचनाला येणाऱ्या काकूही म्हणतात, आणि त्या मनाने वाईट नाहीत. शब्द तेच. मग पोथीत ते वाचताना हात जोडावेसे वाटतात आणि दारात ऐकताना पोटात गोळा का येतो? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं बाळगला आहे.

ग्वारीघाटावर संध्याकाळची आरती झाली की पंगत बसते. एकाच ओळीत पांढऱ्या वस्त्रातला परिक्रमावासी असतो आणि त्याच्याच शेजारी स्टेशनच्या बाहेर झोपणारा हमाल. दोघांना घर नाही. एकाने ते व्रत म्हणून सोडलं आहे. अमरकंटकाहून निघून नर्मदामैयाला उजव्या हाताला ठेवत तो चालतो आहे, गावोगाव त्याला सदाव्रत मिळतं, आटा-डाळ मिळते, ओसरी मिळते. दुसऱ्याचं घर कधी, कसं सुटलं हे त्यालाही नीट सांगता येत नाही. खिचडी वाढताना कुणी कुणाचं तोंड हुंगत नाही. ही नर्मदाकाठची रीत मला फार मोठी वाटते. पलीकडच्या तीरावर गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरातही हेच. पण पंगत उठली की वाटा फुटतात. परिक्रमावासी धर्मशाळेत जातो. हमाल निवाऱ्याच्या दारात जातो, आणि तिथे त्याचं तोंड हुंगलं जातं.

अन्नाला जी अट आपण घालत नाही ती छपराला का घालतो? मला वाटतं, दिलेलं अन्न आपल्या हातून सुटतं. छप्पर दिलेला माणूस सकाळी तिथेच असतो, ओकलेला असतो, भांडलेला असतो, आणि आपल्याला त्याच्याकडे पाहावं लागतं.

एका जानेवारीतली गोष्ट सांगते. मंडल्याकडचा माणूस, चाळिशीतला, मालधक्क्यावर गोणी उचलणारा. एका निवाऱ्यावर त्याला सांगितलं होतं, पिऊन आलास तर आत घेणार नाही. थंडी कडाक्याची होती, नदीकाठी तर हाडं गोठतात. त्याने ते बोलणं मनावर घेतलं. रोज सकाळी उठल्याबरोबर लागणारी दारू त्याने एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पंगतीत बसला होता तेव्हा मी त्याच्यासमोर द्रोण ठेवला. त्याच्या हातात तो ठरेना. डाळ मनगटावरून ओघळत होती. एवढ्या थंडीत बनियन घामाने भिजलेलं, जीभ बाहेर काढायला सांगितली तर तीही थरथरत होती. मी नाडी बघत होते तेवढ्यात त्याला फिट आली. घाटाच्या पायरीवर डोकं आपटू नये म्हणून बरोबरच्या मुलाने आपला स्वेटर काढून खाली सरकवला.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात जाते तेव्हा ती मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, जोर तसाच राहतो. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना वात होतो: भिंतीवर किडे दिसतात, स्वतःचा भाऊ ओळखू येत नाही, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावतो. उपचार महाग नाहीत. लिब्रियमच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत द्यायच्या, पाणी द्यायचं, आणि ग्लुकोज लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन, कारण उपाशी दारुड्याला आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे शिकवायला मला नव्या नर्सेसना एक दुपार पुरायची. पण हे सगळं करायला एक खाट लागते, आणि रात्री उठून बघणारं कुणी तरी लागतं.

तेव्हा 'आधी सोड, मग ये' ही अट मोडणारा माणूस थंडीत मरू शकतो आणि पाळणारा फिटने. मंडल्याच्या त्या माणसाचं मन कच्चं नव्हतं. त्याने जे ठरवलं ते केलं, आणि त्याचमुळे तो पायरीवर पडला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाला देश, काळ आणि पात्र बघायला सांगितलं आहे, आणि वाचनाच्या वेळी कुणी तरी ते मला ऐकवतंच. मी त्यांना नाथांच्याच चरित्राकडे नेते. काशीहून रामेश्वरी न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ज्याचा जीव जातो आहे त्याची पात्रता तपासायला नाथ थांबले नाहीत. ज्याला पैसे द्यायचे, गाय द्यायची, जमीन द्यायची, त्याची पात्रता जरूर बघा. जानेवारीतलं छप्पर त्या यादीत येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि पात्रता बघायचीच तर सगळ्यांची सारखी बघा. घाटावर राख फासून चिलीम ओढणाऱ्याच्या पाया पडायचं आणि क्वार्टर पिऊन पडलेल्या मजुराला लाथ मारायची, हा न्याय कुठल्या शास्त्रातला?

किल्ल्या सांभाळणाऱ्याची बाजूही खोटी नाही, ती मी जवळून पाहिली आहे. एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं झोपलेली असतात. त्यात दोन-चार जण असे असतात ज्यांनी महिनोन् महिने दारूला हात लावलेला नाही, आणि शेजारच्या गादीवरून नुसता वास आला तरी त्यांची रात्र जाते. एकाने दंगा केला की पन्नासांची झोप मोडते. पगार तुटपुंजा, मदतीला कुणी नाही. त्याने दार लावलं तर मी त्याला दोष देणार नाही. दोष व्यवस्थेचा: सगळ्यांना एकच खोली, आणि दाराशी प्रश्न श्वासाचा. प्रश्न वागणुकीचा असायला हवा, आणि प्यायलेल्यासाठी वेगळी, खाली गाद्या घातलेली, रात्री कुणी तरी जागं असलेली एक खोली हवी. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने याहून पुढची गोष्ट केली: रस्त्यावरच्या मनोरुग्ण आणि व्यसनी माणसांना आधी घराची किल्ली दिली, व्यसन सोडण्याची अट न घालता. त्यातली बहुतेक माणसं त्या घरांत टिकली. आपल्याकडे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांना निवारे उभारायला लावले आणि नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाखामागे किमान शंभर माणसांची सोय असा निकष ठरला. २०११ च्या जनगणनेत जबलपूर साडेदहा लाखांच्या आसपास होतं. म्हणजे त्याच हिशेबाने हजार माणसांची जागा. त्याच नियमांत आजारातून उठणाऱ्यांसाठी वेगळ्या निवाऱ्यांचीही तरतूद होती.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. भिक्षू म्हणतो ते खरं आहे का? माझा अनुभव सांगतो की खरं आहे, पण ते ज्याचं त्यानेच म्हणायचं वाक्य आहे. 'माझं मन कारण आहे' यात मुक्ती आहे, कारण म्हणणाऱ्याच्या हाती काही तरी येतं. 'तुझं मन कारण आहे' असं म्हटलं की म्हणणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. भागवतात श्रीकृष्ण ही कथा उद्धवाला सांगतात. भिक्षूने लोकांना दोष दिला नाही म्हणून थुंकणारे निर्दोष ठरले, असं त्यात कुठेही नाही. मनच कारण असेल तर थुंकणाऱ्यालाही मन आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. त्यांची पहिली पायरी वरवर भिक्षूच्या उलट आहे: दारूपुढे आम्ही हतबल आहोत. पण तीही ज्याची त्याने उच्चारायची आहे; दुसऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणताच येत नाही. पुढे ते एका मोठ्या शक्तीवर भार टाकतात, आणि ती शक्ती ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायची असते. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. तिथेही पूर्वी स्वतः व्यसनात बुडालेली माणसं पुढे समुपदेशक झाली. नव्याने आलेल्याला ती 'मी' म्हणून बोलतात, 'तू' म्हणून नाही. मला यात नाथांचा भिक्षूच दिसतो.

मंडल्याचा तो माणूस वाचला. आम्ही त्याला रिक्षात घालून नेलं, खाट मिळाली. मी भेटायला गेले तेव्हा लिब्रियमची गुंगी उतरली होती, पोटात काही दिवसांचं वरणभात-पोळी होतं, दाढी केलेली. खिडकीकडे बघत तो म्हणाला, "मन मेरे हाथ में नहीं रहता, सिस्टर. सुबह उठते ही वो मुझसे पहले निकल जाता है." मी त्याला काही विचारलं नव्हतं. हे वाक्य त्याच्या तोंडी यायला झोप लागली, भात लागला, गोळ्या लागल्या, आणि अंगावर न खेकसणारी चार माणसं लागली. रस्त्यावर, थंडीत, पोलिसाच्या काठीची वाट बघत कुणाला आत्मपरीक्षण सुचणार? भिक्षूला सुचलं, म्हणून तर तो भागवतात आहे. सगळ्यांनी तेवढं मोठं असलंच पाहिजे, ही अट भगवंतानेही घातलेली नाही.

आपलं काम त्या वाक्यापर्यंत माणूस जिवंत पोचेल एवढी सोय करण्याचं आहे. ते वाक्य कधी येईल, येईल की नाही, हे त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मधलं. पुष्कळांचं येत नाही. त्यांनाही पांघरूण लागतं. काही जण सुटतात, पुन्हा पितात, पुन्हा येतात. दर वेळी दार उघडं असावं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही आजारात धरल्या आहेत, आणि बेघर व निराधार माणसाला त्यावर मोफत उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. थरथरणारा, घामाने भिजलेला माणूस दिसला तर त्याला 'सोड' म्हणू नका, रुग्णालयात न्या. आणि यंदाच्या हिवाळ्याआधी आपल्या गावच्या नगरपालिकेत जाऊन विचारा: प्यायलेला माणूस रात्री तुमच्या निवाऱ्याच्या दारात आला तर त्याला झोपवायला तुमच्याकडे कुठली खोली आहे?