अभयवचन आणि कबुली

अमेरिकेत 1881 साली प्रेसिडेंट गारफील्ड यांच्यावर सरकारी जागेच्या आशेने पछाडलेल्या एका इसमाने गोळी झाडली, व त्या हत्येने हादरलेल्या लोकमताच्या रेट्याने 1883 चा पेंडलटन कायदा होऊन काही जागा तरी परीक्षेवर मिळू लागल्या, ही हकिकत वाचताना त्याच दशकात आपल्या मुलकी खात्यात भरलेला जागांचा बाजार आठवल्यावाचून राहत नाही. पुणे, सातारा, नगर, नाशिक, खानदेश यांच्यासह आमचा सोलापूर जिल्हा ज्या मध्य विभागात मोडत असे, त्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. मामलेदारांच्या बढत्या-बदल्या त्यांच्या मर्जीवर, आणि ती मर्जी हणमंतराव जहागीरदार नामक हस्तकामार्फत विकत मिळते असा सर्वत्र बोभाटा. 1888 साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्डना निलंबित केले, व साहेबाविरुद्ध कोणी मामलेदार सहजी तोंड उघडणार नाही हे ओळखून, खरे सांगणारास अभय दिले.

हणमंतराव तुरुंगात गेला. चौकशी आयोगाने लाचेचा आरोप शाबीत मानला नाही. आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका तेवढा ठेवला, आणि क्रॉफर्ड नोकरीस मुकले. परंतु लाच दिल्याची शपथेवर कबुली देणारे अधिकारी पुन्हा त्याच खुर्चीवरून न्याय देणार, हे विलायतेत अनेकांना सहन होईना, व अभय मिळालेल्यांपैकी काहीजण बडतर्फ झाले. 1 सप्टेंबर 1889 रोजी पुण्याच्या सभेत टिळकांनी, सरकारने दिलेले अभयवचन पाळलेच पाहिजे असे सांगत, या मामलेदारांची बाजू मांडली.

टिळकांचे म्हणणे मला न्याय्य वाटते. स्वप्नात दिलेले दान जागेपणी पुरे करणाऱ्या हरिश्चंद्राच्या कथेवर वाढलेल्या लोकांना, जागेपणी लेखी दिलेले वचन गैरसोयीचे ठरताच मोडणारे राज्य कसले वाटले असेल, हे सांगावयास नको. तथापि मामलेदारांच्या कबुलीने त्यांचे पाप फिटले काय, हा प्रश्न निराळा आहे. मनुस्मृतीने पापाच्या उच्चाराला प्रायश्चित्तात स्थान दिले आहे खरे, पण त्याच्या जोडीला अनुतापही सांगितला आहे. आणि आधी हमी घेऊन मग दिलेल्या जबानीत अनुताप किती व हिशेब किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

शिवाय मामलत विकत घेणारा तो पैसा कोठून भरून काढणार? वैरागच्या कुणब्याला कमिशनर कधी दिसलाही नसेल. त्याची गाठ बार्शीच्या कचेरीशी. कचेऱ्यांतून रयतेची जी नागवण चाले तिचे चित्र जोतीराव फुल्यांनी याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रेखाटले होते, पण क्रॉफर्ड प्रकरणाच्या साऱ्या वादात, सरकारची अब्रू आणि मामलेदारांची भाकरी यांच्या गदारोळात, या कुणब्याची जबानी घ्यावी असे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

सरकारने आपला शब्द अक्षरशः पाळावयास हवा होता. तो पाळला गेला असता तरीही, ज्यांनी बढतीसाठी राजीखुशीने पैसे मोजले होते त्यांनी आपण होऊन मामलत सोडावयास हवी होती. कारण सरकारला आपली शिक्षा माफ करता येत होती, रयतेचे देणे माफ करण्याचा अधिकार त्याला नव्हता.