पहिल्या गिअरचं मनन

सकाळी लवकर बसायचं. वऱ्हाडातला मे महिना असेल तर सहाच्या आत, कारण आठ वाजता पत्रा तापतो आणि मन सावली शोधायला लागतं. आपल्या जुन्या व्हॅनमध्ये चालकाच्या जागेवर बसा. किल्ली खिशातच राहू द्या. डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवा आणि न्यूट्रलमध्येच दांडा सावकाश डावीउजवीकडे हलवा. किती सैल झालाय, कुठे अडतो, कुठे खडखडतो, ते हाताला कळू द्या. अजून काही ठरवायचं नाही.

गिअरबॉक्स बदलायचा निर्णय बहुधा घाईत होतो. गाडी घाटात बसते, टोचन लावून परतवाड्याला आणावी लागते, आणि संध्याकाळच्या आत कुणीतरी सांगतं, एक पेटी आहे, पाच गिअरची आहे, उद्या बसवून देतो. मलाही असंच सांगितलं गेलं होतं. आमची व्हॅन वीस वर्षांच्या वरची, डिझेलवर चालणारी, चार गिअरची. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि अंथरुणांची पेटी. चिखलदऱ्याच्या चढावर दुसरा गिअर करकरला, मग आपोआप सुटून बाहेर आला. गाडी घरी आणल्यावर मी होकार द्यायच्या बेतात होतो. पण महिनाभर ती अंगणात उभी ठेवली आणि रोज सकाळी तिच्यात जाऊन बसलो. त्या बसण्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय. तुम्हीही सोबत बसा.

आता डोळे मिटा आणि मूर्तिजापूर आठवा. अमरावतीहून अकोल्याला जाताना बडनेऱ्यानंतर हे गाव लागतं. यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना इथून अरुंद रुळांवरची शकुंतला रेल्वेगाडी जायची. हे रूळ कापसासाठी टाकलेले. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं होतं आणि १९९४ पर्यंत ते तिला ओढत होतं. त्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. त्याला तो लागतच नाही, कारण वाफ थांबलेल्या चाकालाही पूर्ण जोराने ढकलू शकते. बंडीला जुंपलेला बैलही तसाच. कापसाचे बोंदरे भरलेली बंडी जागची हलवायची तर तो आधी मान खाली घालतो, खांदा जुवाला लावतो, आणि चाक फिरायच्या आतच त्याचा सगळा जोर लागलेला असतो.

डिझेल इंजिनाला हे जमत नाही. ते ठरावीक फेऱ्यांच्या खाली आलं की दम तोडतं आणि बंद पडतं. त्याला सतत फिरतं ठेवावं लागतं, आणि थांबलेल्या चाकाला तर हळूहळूच उठवावं लागतं. म्हणून इंजिन आणि चाकाच्या मध्ये कुणीतरी लागतो, जो वेग घेईल आणि जोर देईल. गिअरबॉक्स ताकद वाढवत नाही. इंजिनाकडे आहे तेवढीच ती राहते, फक्त तिचं रूप बदलतं. या एका गोष्टीवर दोन मिनिटं थांबा. जी पेटी तुम्ही विकत घेणार आहात तिच्याकडून तुम्हाला वेग हवा आहे की जोर, हा प्रश्न इथूनच निघतो. एकाच गिअरमध्ये दोन्ही भरपूर देणारी पेटी कुणी केलेली नाही.

पण त्याआधी, पेटी खरंच गेली आहे का?

शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रीभाऊंनी मला जे पहिलं वाक्य सांगितलं ते मी विसरणार नाही. "भाऊ, पयले आईल काढून पाहू, मंग बोलू." गाडी थोडी चालवून आईल कोमट केलं. खाली लोखंडी घमेलं ठेवलं आणि ड्रेनचा नट सोडला. काळसर मधासारखी धार पडली. घमेलं भरत आल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, उन्हात नेलं आणि किंचित कलवलं. आईलच्या अंगावर बारीक सोनेरी चमक तरंगत होती, हळद पाण्यात मिसळताना दिसते तशी. ते पितळ. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा पितळेच्या असतात, आणि त्या झिजल्या की असा सोन्याचा वर्ख सोडतात. नटाच्या चुंबकावर राखेसारखा मऊ काळा लेप होता. तो त्यांनी अंगठ्याने पुसला, चोळून पाहिला. टोचेल असा कण एकही नाही. "दात शाबूत हाय," ते म्हणाले. लोखंडाचा खडा सापडला असता तर दात तुटलाय किंवा बेअरिंग फुटलंय असं समजायचं, आणि मग गोष्टच वेगळी झाली असती.

तुम्हीही असं बघा, आणि बघितल्यावर ऐका. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. घुरघुर येते का? क्लच दाबल्यावर ती थांबली तर आवाज पेटीतल्या बेअरिंगचा. क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेटी निर्दोष. गिअर सुटतो म्हणून पेटी बदलणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर कळलंय की इंजिनाचं रबरी माउंटिंग बसलं होतं किंवा दांड्याच्या खालचे बुश झिजले होते. दोन-चार रबरांनी जे काम झालं असतं त्यासाठी अख्खी पेटी उतरवली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता रस्त्यावर या. अमरावती ते अकोला हा आपला नेहमीचा रस्ता, पूर्णेच्या खोऱ्यातला, जवळजवळ सपाट. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करण्यात आली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असल्या रस्त्यावर पाचव्या गिअरचा मोह होतो. चौथ्यात इंजिन ओरडत असतं, अजून एक गिअर असता तर, असं प्रत्येक चालकाला वाटतं. ते वाटणं खोटं नाही.

पण मनातल्या मनात गाडी उत्तरेला वळवा. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. म्हणजे सातशेहून अधिक मीटर वर जायचं, तेही बिछाना, शेगडी आणि भरलेली टाकी घेऊन. टाकी आमच्याकडे भरलेलीच असते. पूर्णेचा हा सगळा पट्टा खारपाणपट्टा, विहिरीचं आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. वऱ्हाडात गाडी घेऊन मुक्कामी राहायचं तर प्यायचं पाणी घरूनच न्यावं लागतं. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. प्रवासी गाडी म्हणून बनलेल्या व्हॅनवर आपण घर चढवतो, आणि कागदावर मात्र तिचं रिकामं वजनच राहतं. गाडी पूर्ण भरा, घरच्यांना बसवा आणि एकदा धर्मकाट्यावर घाला. जो आकडा येईल तो खरा. आमचा आकडा पाहून मी काट्यावरच गप्प झालो होतो.

इथून पुढचं मनन हातांनी करायचं आहे. खडूचा एक तुकडा आणि मोजपट्टी घ्या. मागच्या टायरवर जमिनीला टेकेल तिथे खूण करा, जमिनीवरही करा. गाडी ढकलत टायरची खूण पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत न्या. दोन खुणांमधलं अंतर मोजा. आमचं २.१५ मीटर आलं. मग मागचं एक चाक जॅकवर उचला. आधी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडीखाली पक्का ठोकळा द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच खाली शिरू नका. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, उचललेलं चाक सावकाश दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे हे दोन फेरे एकाच फेऱ्याइतके धरायचे. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरला, ते दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. आमच्या मुलीने मोजलं, साडेचार.

आता हिशेब करा, घाई न करता. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. भागिले २.१५, चाक मिनिटाला ४६५ वेळा फिरतं. गुणिले साडेचार, शाफ्ट २,०९० च्या आसपास. चौथा गिअर सरळ, एकास एक, म्हणून इंजिनही तेवढंच फिरतं. ताशी ८० ला २,७९०. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर तेच २,२३० वर येतं. सपाट रस्त्यावर ही खरीच विश्रांती आहे, डिझेलमध्येही आणि कानांनाही.

मग पहिल्या गिअरकडे या. आमचा चारास एक होता. म्हणजे इंजिनाचे १,००० फेरे असताना गाडी ताशी सात किलोमीटरने सरकते, भरभर चालणाऱ्या माणसाहून जराशी पुढे. मला जी पाच गिअरची पेटी सांगितली होती ती हलक्या गाडीची. मी ती दुकानात बसून मोजली. इनपुट शाफ्टवर खडूची रेघ मारली, पहिला गिअर टाकला, आणि मागचा फ्लँज एक पूर्ण फेरा येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवत राहिलो. तीन वळसे आणि अर्ध्याहून थोडं जास्त. ३.६. म्हणजे आमच्या वजनदार गाडीला घाटात दहावा हिस्सा जोर कमी. तेवढाच तर कमी पडतो, वळणावर, चढात, समोरून एसटी आल्यावर थांबून पुन्हा निघताना. मग माणूस अर्ध्या क्लचवर गाडी धरतो, आणि पाच मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास केबिनमध्ये येतो. शिवाय जी पेटी हलक्या इंजिनाच्या जोरासाठी बनली आहे तिचे दात आणि शाफ्ट आपल्या इंजिनाला किती वर्षं पुरतील?

त्या पेटीसमोर मी बराच वेळ बसलो होतो. ती चांगली पेटी होती. दुसऱ्या गाडीसाठी चांगली.

मापात बसवायच्या बाकीच्या गोष्टी चटकन सांगतो. बेल हाउसिंगचे बोल्ट जुळतात का. इनपुट शाफ्टवर आपली क्लच प्लेट हाताने सहज सरकते का, आणि शाफ्टचं टोक क्रँकमधल्या छोट्या बेअरिंगपर्यंत पोचतं का. पेटी लांब-आखूड असेल तर प्रॉपेलर शाफ्ट लेथवर कापून, जोडून, बॅलन्स करावा लागतो. दांडा भलतीकडे निघाला तर फरशी कापावी लागते, आणि तिथे तुमचा पलंग असतो. जितकी कापाकापी, तितकं पुढचं दुखणं. गाडीच्या रचनेला हात लागत असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ध्यानात ठेवा आणि आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या, गाडी एमएच २७ ची असो की एमएच ३० ची.

एक वेगळा विचारही करून ठेवा. पेटी पुन्हा बिघडेल तेव्हा तुम्ही कुठे असाल? धारणीला, सेमाडोहला, नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरला? आपल्याकडच्या मिस्त्र्यांना कुठल्या पेट्या डोळे झाकून उघडता येतात? टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स, दोन्हीत मर्सिडीजच्या परवान्याचं २.४ लिटरचं एकाच कुळातलं इंजिन वर्षानुवर्षं होतं. अशा गाड्या तालुक्या-तालुक्याला प्रवासी वाहतात, म्हणून त्यांचं सामान आणि त्यांची जाण दोन्ही जवळ सापडतात. परदेशातली उत्तम पेटी अकोल्यात एका ऑईल सीलसाठी पंधरा दिवस उभी राहू शकते.

माझं मत स्पष्ट आहे. कवच फुटलेलं नसेल, शाफ्ट आणि दात धड असतील, तर आपलीच पेटी उघडून दुरुस्त करावी. ती तशी नसेल तर त्याच गाडीची, त्याच वजनाची दुसरी घ्यावी आणि बसवण्याआधी तिचीही बेअरिंगं आणि सील बदलावीत. पाचवा गिअर हवाच असेल तर आपल्या गाडीच्या नंतरच्या, तितक्याच वजनाच्या मॉडेलमधला शोधावा, आणि त्याचा पहिला गिअर जुन्याहून कमजोर निघाला तर हात जोडून परत यावं.

आमच्या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्याच्या पितळी रिंगा, सगळी बेअरिंगं आणि सील नवीन पडले. आईल पुस्तिकेत लिहिलं होतं तेच घातलं. जास्त कडक, जास्त महाग आईल पितळेला मानवतंच असं नाही, आणि वऱ्हाडच्या उन्हाचा हिशेब पुस्तिका लिहिणाऱ्यांनी केलेला असतो. पावसाळ्याआधी पुन्हा परतवाड्याहून वर गेलो. एका वळणावर एसटीला वाट द्यायला थांबलो, हँडब्रेक सोडला आणि पहिल्या गिअरात निघालो. गाडी ताशी सातने चढली. क्लचचा वास आला नाही.

तुमची पेटी उतरवण्याआधी काट्यावरचं वजन, टायरचा फेरा आणि पहिल्या गिअरचे वळसे एका चिठ्ठीवर लिहा, आणि ती चिठ्ठी खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढा.